पैशावर मत नसलेला आमदार : विधान परिषद, नागपूर आणि अनुशेषाची चर्चा

कायदेमंडळाला दोन सभागृहे असली की सरकार घडवण्याची, पाडण्याची आणि तिजोरी उघडण्याची सत्ता लोकांनी थेट निवडलेल्या सभागृहाकडे राहते, आणि ज्याला मराठीत वरिष्ठ सभागृह म्हणण्याचा प्रघात आहे त्या दुसऱ्या सभागृहाच्या वाट्याला मुख्यतः बोलण्याचा, विचारण्याचा आणि थोडा काळ थोपवून धरण्याचा अधिकार येतो. त्यामुळे वरिष्ठ सभागृहातील सदस्याच्या कामाचे मोजमाप त्याने किती विधेयके मंजूर करून घेतली यावर करता येत नाही. ते त्याच्या भाषणांतून, प्रश्नांतून आणि त्या प्रश्नांना मिळालेल्या उत्तरांतूनच करावे लागते. महाराष्ट्राच्या विधान परिषदेपुरते पाहिले, तर अशा मोजमापाला सर्वांत अधिक सामग्री पुरवणाऱ्या सदस्यांत अमरावती विभाग पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधी प्रा. बी. टी. देशमुख यांची गणना करावी लागेल. 1980 पासून 2010 पर्यंत सलग पाच मुदती, म्हणजे तीस वर्षे, ते या सभागृहात होते, आणि विदर्भाचा अनुशेष हा त्यांच्या संसदीय कामाचा कणा होता. हा विषय समजून घेण्यासाठी तीन गोष्टी आधी माहीत असाव्या लागतात : विधान परिषद हे सभागृह नेमके काय आहे, ते नागपूरला का भरते, आणि अनुशेष हा शब्द भाषणात वापरला जातो त्याहून किती काटेकोर अर्थाने हिशोबात वापरला जातो. पुढील विवेचन याच तीन गोष्टींभोवती फिरते.

विधान परिषद मुंबई प्रांतात 1935 च्या कायद्यान्वये 1937 मध्ये अस्तित्वात आली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडाला मात्र त्या कायद्याने दुसरे सभागृह दिले नव्हते, आणि स्वातंत्र्यानंतर नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी असतानाही तेथे विधान परिषद कधी भरली नाही. म्हणजे ज्या शहरात आज दर हिवाळ्यात या सभागृहाची घंटा वाजते, त्या शहराला ते सभागृह राजधानीपद गेल्यानंतर, महाराष्ट्र राज्याच्या रूपाने, मुंबईच्या वारशातून मिळाले. सध्या परिषदेचे 78 सदस्य आहेत : 30 विधानसभेच्या सदस्यांनी निवडलेले, 22 महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा इत्यादी स्थानिक संस्थांच्या प्रतिनिधींनी निवडलेले, 7 पदवीधरांचे, 7 शिक्षकांचे आणि 12 राज्यपालांनी नामनिर्देशित केलेले. सदस्याची मुदत सहा वर्षांची असते, दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, आणि हे सभागृह विसर्जित होत नाही. ही शेवटची बाब कोरडी वाटली तरी प्रस्तुत विषयात तिचे मोल मोठे आहे. ज्या तीस वर्षांत प्रा. देशमुख सभागृहात होते, त्या काळात अ. र. अंतुले यांच्यापासून अशोक चव्हाण यांच्यापर्यंत डझनभर व्यक्ती मुख्यमंत्रिपदावर येऊन गेल्या, विधानसभा अनेकदा विसर्जित झाल्या, सत्ताधारी बाकांवरचे विरोधी बाकांवर गेले आणि परतले. आणि ज्याला मागील सरकारच्या मंत्र्याने त्याच प्रश्नावर काय उत्तर दिले होते हे ठाऊक आहे, असा सदस्य मात्र आपल्या जागेवर बसून होता.

पदवीधर मतदारसंघाची निवडणूक हा स्वतंत्र कुतूहलाचा विषय आहे. राज्यघटनेच्या 171 व्या अनुच्छेदानुसार पदवी मिळून किमान तीन वर्षे झालेल्या व्यक्तीला येथे मतदार होता येते, परंतु विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून या यादीत नाव आपोआप येत नाही. दर निवडणुकीला यादी नव्याने तयार होते, पदवीधराने नमुना 18 चा अर्ज पदवीच्या पुराव्यासह पुन्हा भरावा लागतो, आणि मागच्या खेपेस मत दिले होते ही सबब चालत नाही. मतदान यंत्रावर नव्हे, कागदी मतपत्रिकेवर होते. केंद्रावर दिलेल्या जांभळ्या शाईच्या पेनानेच उमेदवारापुढे 1, 2, 3 असे पसंतीक्रम अंकांत लिहायचे असतात. खूण केली, सही केली, स्वतःच्या खिशातला पेन वापरला, तर मत बाद. पदवीधरांच्या निवडणुकीत बाद मतांची संख्या दर वेळी डोळ्यांत भरण्याइतकी असते, यावर अधिक भाष्य न केलेले बरे. पहिल्या पसंतीच्या मतांतून कोटा पूर्ण झाला नाही, तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरील पुढची पसंती मोजली जाते, आणि ही मोजणी रात्र उलटून दुसऱ्या दिवसावर जाते. अशा मतदारसंघात सभेपेक्षा नोंदणीला आणि घोषणेपेक्षा संघटनेला महत्त्व येते. प्रा. देशमुखांच्या मागे अशी संघटना होती : नागपूर युनिव्हर्सिटी टीचर्स असोसिएशन, म्हणजे ‘नुटा’. 1983 मध्ये अमरावतीला वेगळे विद्यापीठ झाल्यानंतरही तिचा पसारा दोन्ही विद्यापीठांच्या महाविद्यालयांत टिकून राहिला. पूर्वेकडील शेजारच्या नागपूर विभाग पदवीधर मतदारसंघाची परंपरा वेगळी होती. तेथे गंगाधरराव फडणवीस आणि त्यांच्यानंतर 1989 पासून 2014 पर्यंत नितीन गडकरी असे पक्षाचे प्रतिनिधी निवडून येत राहिले, आणि दीर्घकाळ एकाच राजकीय प्रवाहाकडे असलेली ती जागा 2020 मध्ये अभिजित वंजारी यांच्या रूपाने काँग्रेसकडे गेली. अमरावतीत पक्षापेक्षा प्राध्यापकांच्या संघटनेचे बळ 2010 पर्यंत पुरले; त्या वर्षी रणजित पाटील यांनी प्रा. देशमुखांचा पराभव केला.

पदवीधरांना वेगळा प्रतिनिधी द्यावा ही कल्पना आज अनेकांना विचित्र वाटते, आणि तिच्यावरचा आक्षेप, म्हणजे पदवी नसलेल्या शेतकऱ्याला किंवा गवंड्याला हा जास्तीचा मताधिकार का नाही, हा सहज टाळण्यासारखा नाही. तरीही ही कल्पना केवळ भारतीय नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे. आयर्लंडच्या वरिष्ठ सभागृहात, ज्याला तेथील भाषेत शॅनड म्हणतात, 60 सदस्य असतात. त्यांपैकी 43 व्यवसायनिहाय गटांतून निवडले जातात, 11 पंतप्रधान नामनिर्देशित करतात आणि 6 विद्यापीठीय पदवीधर निवडतात. या सहा जागा दीर्घकाळ डब्लिनचे ट्रिनिटी कॉलेज आणि नॅशनल युनिव्हर्सिटी यांच्याच पदवीधरांसाठी राखीव होत्या; इतर संस्थांच्या पदवीधरांना वगळणे घटनाबाह्य आहे असा निकाल तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये दिला, तेव्हा कुठे ते दार रुंद झाले. मेरी रॉबिन्सन 1969 मध्ये पंचविसाव्या वर्षी ट्रिनिटीच्या जागेवरून शॅनडमध्ये आल्या आणि वीस वर्षे तेथे राहिल्या. गर्भनिरोधक साधनांवरील बंदी उठवण्यासाठी त्यांनी आणलेले विधेयक सभागृहाने 1971 मध्ये प्राथमिक वाचनालाही येऊ दिले नाही, आणि 1979 मध्ये सरकारलाच त्या दिशेने, अर्धामुर्धा का होईना, कायदा करावा लागला. त्यापूर्वीच्या, 1922 मध्ये स्थापन झालेल्या आयरिश सेनेटमध्ये कवी डब्ल्यू. बी. येट्स 1928 पर्यंत नामनिर्देशित सदस्य होते आणि घटस्फोटाच्या प्रश्नावरील त्यांचे 1925 चे भाषण आजही वाचले जाते. महाराष्ट्रानेही ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर या कवींना परिषदेत बसवले, आणि महानोर तेथे कवितेपेक्षा पाणी व कोरडवाहू शेती यांवर अधिक बोलले. शॅनड बंदच करावे का, असा प्रश्न आयर्लंडच्या सरकारने 2013 मध्ये लोकांपुढे ठेवला आणि मतदारांनी थोड्या फरकाने ‘नको’ म्हटले. भारतात असा प्रश्न लोकांना विचारत नाहीत. 169 व्या अनुच्छेदानुसार विधानसभेने विशेष बहुमताने ठराव केला आणि संसदेने कायदा केला की परिषद जाते, जशी ती पश्चिम बंगालमध्ये 1969 मध्ये आणि तमिळनाडूत 1986 मध्ये गेली.

तुलना येथेच थांबवणे योग्य, कारण आयरिश सेनेटरला ज्याची गरज पडत नाही अशी एक बाब महाराष्ट्राच्या आमदाराला सतत वागवावी लागते, आणि ती म्हणजे प्रदेश. 28 सप्टेंबर 1953 रोजी यशवंतराव चव्हाण, भाऊसाहेब हिरे, रा. कृ. पाटील, रामराव देशमुख प्रभृती नेत्यांनी ज्या दस्तऐवजावर सह्या केल्या, तो नागपूर करार या नावाने ओळखला जातो. विदर्भाने मराठी राज्यात यावे, आणि त्या बदल्यात त्याला विकासनिधीत, शासकीय नोकऱ्यांत व शिक्षणाच्या संधीत न्याय्य वाटा मिळावा, उच्च न्यायालयाचे खंडपीठ नागपूरला असावे, शासन दरवर्षी ठरावीक काळ नागपूरला हलावे आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन विदर्भात व्हावे, असा त्याचा आशय आहे. यांपैकी अधिवेशनाचे कलम डोळ्यांना दिसते म्हणून पाळले गेले. 1960 पासून, काही वर्षांचा अपवाद वगळता, डिसेंबरच्या आसपास मुंबईहून फायलींच्या पेट्या येतात, सिव्हिल लाइन्समधील विधान भवन रंगवले जाते, आमदार निवासाच्या खोल्या भरतात, मुख्यमंत्री ‘रामगिरी’वर मुक्कामाला येतात, आणि टेकडी रोडवर व मॉरिस कॉलेजच्या चौकात मोर्चे अडवले जातात. हे अधिवेशन आता साधारण दोन आठवड्यांत आटोपते. करारात लिहिलेला ‘ठरावीक काळ’ आणि प्रत्यक्षातला काळ यांतील अंतर हाही एक अनुशेषच आहे, असे नागपुरात गमतीने म्हटले जाते, पण त्या गमतीत कडवटपणाही आहे.

करारातील निधीचे कलम पाळले गेले की नाही हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोजावे लागते. मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली 1983 मध्ये नेमलेल्या सत्यशोधन समितीने केला. समितीने अनुशेष या शब्दाला जो अर्थ दिला तो नीट समजून घेतल्याशिवाय पुढची कोणतीही चर्चा उलगडत नाही. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, सामान्य शिक्षण, तंत्रशिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा, भूविकास आणि पशुवैद्यकीय सेवा अशा प्रत्येक क्षेत्रात राज्याची सरासरी काढायची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट, म्हणजे इतके किलोमीटर रस्ता, इतके हेक्टर सिंचन, इतके पंप, आधी वस्तुरूपात नोंदवायची. आणि मग ती तूट भरून काढण्यासाठी त्या वेळच्या दराने किती पैसा लागेल ते ठरवायचे. वस्तुरूपातील तूट म्हणजे भौतिक अनुशेष, आणि तिचे पैशात केलेले रूपांतर म्हणजे आर्थिक अनुशेष. सिंचनाच्या बाबतीत आणखी एक बारीक काम करावे लागले, कारण एक हेक्टर ऊस आणि एक हेक्टर ज्वारी यांना लागणारे पाणी सारखे नसते. म्हणून समितीने सर्व भिजलेले क्षेत्र रब्बी ज्वारीच्या मापात, म्हणजे तेवढ्या पाण्यात किती हेक्टर रब्बी ज्वारी भिजली असती त्या मापात, बदलून घेतले, आणि हे केल्यावर उसाच्या जिल्ह्यांचे सिंचन नुसत्या हेक्टरांत दिसते त्याहून पुष्कळ पटींनी मोठे असल्याचे कागदावर आले. समितीच्या 1984 च्या अहवालानुसार राज्याचा एकूण अनुशेष 3,186.78 कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा 1,246.55 कोटी, मराठवाड्याचा 750.85 कोटी आणि उर्वरित महाराष्ट्राचा 1,189.38 कोटी. उर्वरित महाराष्ट्राचा आकडा पाहून दचकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे की मोजमापाचे एकक जिल्हा होते, विभाग नव्हे. कोकणातला किंवा धुळ्याकडचा मागास जिल्हाही त्यात आपली तूट घेऊन आला होता.

त्याच वर्षी विधिमंडळाने राज्यघटनेच्या 371 (2) या अनुच्छेदानुसार विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र यांसाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापन व्हावीत असा ठराव केला. हा अनुच्छेद 1956 पासून घटनेत होता. त्यानुसार राष्ट्रपती राज्यपालांवर निधीच्या समन्यायी वाटपाची विशेष जबाबदारी सोपवू शकतात. ठराव झाला, आणि मंडळे अस्तित्वात येण्यास 1994 साल उजाडले. या अनुच्छेदात एक शब्दयोजना अशी आहे की जिच्याकडे विधान परिषदेच्या अभ्यासकाने थांबून पाहिले पाहिजे : विकास मंडळांच्या कामकाजाचा वार्षिक अहवाल राज्याच्या ‘विधानसभेपुढे’ ठेवावा, असे तेथे म्हटले आहे. घटनेच्या अक्षराप्रमाणे परिषदेचा उल्लेख तेथे नाही. अर्थसंकल्पाचेही तसेच. तो दोन्ही सभागृहांपुढे मांडला जातो, परिषदेला त्यावर चर्चा करता येते, परंतु विभागवार अनुदानाच्या मागण्यांवर मत देता येत नाही, आणि धन विधेयक चौदा दिवसांत परत करावेच लागते. सिंचनासाठी किती कोटी द्यायचे यावर ज्या सभागृहाला मतच नाही, त्याच सभागृहात त्या कोटींवरील सर्वांत चिकाटीची चर्चा व्हावी, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. मत असलेल्या आमदाराला आपल्या तालुक्यातला पूल मंजूर करून घेण्यासाठी त्या मताचा उपयोग करता येतो आणि तो करतोही. मत नसलेल्याच्या हाती हिशोब विचारणे एवढेच उरते. शिवाय पाच जिल्ह्यांत विखुरलेल्या पदवीधरांच्या प्रतिनिधीला स्वतःचा असा पूल नसतो.

मंडळे आल्यानंतर निर्देशांक व अनुशेष समिती नेमली गेली. तिने 1 एप्रिल 1994 ही तारीख धरून नव्याने मोजणी केली आणि फेरतपासणीनंतर राज्याचा आर्थिक अनुशेष 14,006.77 कोटी रुपये ठरला. राज्यपाल पी. सी. अलेक्झांडर यांनी 2001 च्या अखेरीस निधिवाटपाबाबत पहिले व्यापक निर्देश दिले आणि तेव्हापासून दरवर्षी असे निर्देश निघू लागले. मधल्या काळात घडलेली एक गोष्ट न सांगता पुढे जाता येणार नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने महाराष्ट्राच्या वाट्याला दिलेले पाणी मे 2000 पूर्वी अडवले पाहिजे या निकडीतून 1996 मध्ये महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले, कर्जरोख्यांतून मोठा पैसा उभा राहिला आणि तो कृष्णेच्या खोऱ्यात गेला. विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ एक वर्ष उशिरा, 1997 मध्ये आले. कृष्णेची निकड खोटी नव्हती. परंतु 1994 ची रेघ मारून काढलेली सरासरी कागदावर तशीच राहिली आणि प्रत्यक्षातली सरासरी पुढे धावली. म्हणून 1994 नंतर वाढलेल्या तफावतीला अधिकृत हिशोबात नावच उरले नाही.

याहून नाजूक मुद्दा आर्थिक आणि भौतिक अनुशेषाच्या नात्याचा आहे, आणि अनुशेषावरील चर्चेत बी. टी. देशमुखांसारख्या सदस्याचे खरे वैशिष्ट्य येथे दिसते. समजा, एखाद्या जिल्ह्याची तूट अमुक हजार हेक्टर आहे आणि 1994 च्या दराने ती भरून काढण्यास अमुक कोटी लागतात. शासनाने दहा वर्षांत तेवढे कोटी खर्च केले आणि आर्थिक अनुशेष शून्य झाल्याचे जाहीर केले. परंतु या दहा वर्षांत सिमेंट, पोलाद, भूसंपादन आणि पुनर्वसन यांचे दर वाढलेले असतात, तेव्हा तेवढ्याच पैशांत ठरलेल्या हेक्टरांपैकी थोडेच भिजतात. म्हणजे वहीत तूट संपते आणि शेतात उरते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेवर उभारलेला गोसीखुर्द प्रकल्प या गणिताचे ठसठशीत उदाहरण आहे. सुमारे 372 कोटींचा अंदाज धरलेल्या या प्रकल्पाचे भूमिपूजन 1988 मध्ये पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले, अडीच लाख हेक्टर भिजवण्याचे उद्दिष्ट होते, 2009 मध्ये त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला, आणि सुधारित खर्च पुढे 18 हजार कोटींच्या वर गेला. पश्चिम विदर्भात हेच दुखणे अधिक खोल आहे. सिंचनाचा आर्थिक अनुशेष संपल्याचे राज्यस्तरावर मानले गेल्यानंतरही राज्यपालांच्या निर्देशांत अमरावती, अकोला, वाशीम आणि बुलढाणा या चार जिल्ह्यांचा भौतिक अनुशेष वर्षानुवर्षे वेगळा दाखवावा लागला. हे चारही जिल्हे अमरावती विभागातले, म्हणजे त्याच पदवीधर मतदारसंघातले.

अशा प्रश्नावर सभागृहात बोलायचे कसे, याचे एक शास्त्र आहे. वक्तृत्व हे त्यातले दुय्यम अंग. विधान परिषदेच्या नियमांत तारांकित प्रश्न, म्हणजे ज्याचे मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतात असा प्रश्न; उत्तराने समाधान न झाल्यास अर्धा तास चर्चा; नियम 101 ची लक्षवेधी सूचना; नियम 97 ची अल्पकालीन चर्चा; नियम 260 चा प्रस्ताव; ठरलेले कामकाज बाजूला सारून तातडीचा विषय घ्यावा यासाठी नियम 289 ची सूचना; आणि केव्हाही हात वर करून मांडता येणारा औचित्याचा किंवा हरकतीचा मुद्दा, अशी आयुधे सदस्याला उपलब्ध असतात. आयुधे हा विधान भवनातलाच रूढ शब्द आहे. त्यांपैकी तारांकित प्रश्नाचा छापील नमुना जवळून पाहण्यासारखा असतो. पहिला भाग असा की अमुक जिल्ह्यातील अमुक प्रकल्प रखडला आहे हे खरे आहे काय. दुसरा, असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय. तिसरा, चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली. आणि शेवटचा, जो वर्षानुवर्षे बदललेला नाही, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? उत्तराच्या बाजूला ‘होय’, ‘हे खरे नाही’ आणि ‘अंशतः खरे आहे’ असे तीन मासले, आणि पहिल्या भागाला ‘नाही’ म्हटले की उरलेल्या सर्व भागांना ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे चौथे, मंत्रालयाच्या अत्यंत आवडीचे उत्तर. मुरलेला सदस्य आपला प्रश्न असा रचतो की पहिल्या भागाला ‘नाही’ म्हणणे शासनाला शक्यच होऊ नये. त्यासाठी प्रश्नात शासनाचाच आकडा घालावा लागतो. राज्यपालांचा निर्देश, अर्थसंकल्पाचे पुस्तक, पाटबंधारे महामंडळाचा वार्षिक अहवाल आणि गेल्या अधिवेशनात त्याच खात्याने दिलेले उत्तर ही चार कागदपत्रे शेजारी शेजारी ठेवली, की त्यांतील आकडे सहसा जुळत नाहीत, आणि ते का जुळत नाहीत एवढेच विचारायचे असते. मग मंत्री माहिती घेऊन सांगतो म्हणतात, सभापती प्रश्न राखून ठेवतात, किंवा मंत्री आश्वासन देऊन मोकळे होतात. आणि सभागृहात दिलेले आश्वासन नोंदले जाऊन आश्वासन समितीकडे जाते, जी ते पूर्ण झाले की नाही हे पाहत राहते.

या पद्धतीची मर्यादाही स्पष्टपणे सांगितली पाहिजे. नियमांवर बोट ठेवून चालणारी चर्चा पुष्कळदा नियमांतच अडकते. औचित्याच्या मुद्द्यावर अर्धा तास जातो आणि मूळ विषयाला दहा मिनिटे उरतात, असे परिषदेचे कामकाज चाळताना वारंवार दिसते. प्राध्यापकांच्या प्रतिनिधीने प्राध्यापकांचेच प्रश्न, वेतनश्रेण्या, 1991 ते 2000 या काळात नेमल्या गेलेल्या बिगर नेट-सेट अध्यापकांच्या सेवा, विद्यापीठ कायद्यातील तरतुदी, यांवर फार वेळ खर्च केला असा आक्षेपही घेतला जातो, आणि तो पूर्णतः निराधार नाही. मतदारसंघाची रचनाच तशी आहे आणि कोणताही प्रतिनिधी आपल्या यादीतील नावांना विसरून निवडून येत नाही. मात्र या दोन विषयांमागची सवय एकच होती, ती म्हणजे शासन निर्णयाची तारीख आणि क्रमांक पाठ असण्याची. जो माणूस वेतनश्रेणीच्या शासन निर्णयातील ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन शब्दांवर न्यायालयापर्यंत जाऊ शकतो, त्याला अनुशेषाच्या तक्त्यातील ‘1994 च्या किमतीनुसार’ हे तळटीपेतले शब्द खटकणारच. विद्वत्तेपेक्षा हा कारकुनी चिवटपणा अधिक कामाचा ठरला, असे मत येथे नोंदवण्यास हरकत नसावी, आणि कारकुनी हा शब्द येथे मानाने वापरला आहे.

आणखी एक आक्षेप परिषदेवरच आहे. पराभूत पुढाऱ्यांची सोय लावण्याचे ठिकाण असे तिचे वर्णन महाराष्ट्रात सर्रास केले जाते, आणि स्थानिक संस्थांच्या जागांवरील निवडणुकांविषयी जे बोलले जाते ते छापण्याजोगे नसते. या आक्षेपाला उत्तर म्हणून ग. प्र. प्रधान यांचे नाव नेहमी पुढे केले जाते. पुण्याच्या पदवीधरांनी त्यांना अठरा वर्षे निवडून दिले आणि 1980 ते 1982 या काळात ते परिषदेत विरोधी पक्षनेते होते. तसेच वि. स. पागे यांचे : 1960 पासून 1978 पर्यंत सभापतिपदी असलेल्या या गृहस्थांनी रोजगार हमी योजनेची कल्पना मांडून तिचा पाठपुरावा केला, आणि ज्या आसनावरून सहसा फक्त ‘शांतता राखा’ ऐकू येते तेथून राज्याला एक कायदा मिळाला. परंतु दोन-तीन नावांवर एखाद्या सभागृहाचे समर्थन उभे राहत नाही, आणि प्रस्तुत विवेचनाचा तो हेतूही नाही.

अनुशेषाच्या चर्चेचे फलित काय, हे विचारल्यास उत्तर संमिश्र आहे. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 2013 मध्ये अहवाल दिला आणि जिल्हानिहाय अनुशेषाऐवजी प्रादेशिक समतोलाची निराळी, पाण्याला अग्रक्रम देणारी मांडणी केली. विदर्भातील अनेक अभ्यासकांनी तिच्यावर जोरदार टीका केली. विकास मंडळांची मुदत 30 एप्रिल 2020 रोजी संपली आणि ती वाढवली गेली नाही. सप्टेंबर 2022 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यांच्या पुनर्स्थापनेचा निर्णय घेतला. मंडळे नसताना समन्यायी वाटपाची घटनात्मक चौकट लटकी पडते, आणि मग उरतो तो नागपूरच्या अधिवेशनातला शेवटचा आठवडा, ज्यात विदर्भाच्या प्रश्नांवर चर्चा ठेवण्याची प्रथा आहे आणि जिला बाके निम्मी रिकामी असण्याचीही प्रथा आहे.

रिकाम्या बाकांपुढे केलेले भाषण वाया जाते का, याचे उत्तर सभागृहातल्या एका छोट्या टेबलाशी मिळते. तेथे प्रतिवेदक, म्हणजे कामकाज शब्दशः टिपून घेणारे विधिमंडळाचे कर्मचारी, बसलेले असतात. काही मिनिटांनी एक उठतो आणि दुसरा त्याची जागा घेतो, म्हणून छापील कामकाजात एकच भाषण अनेक हातांनी लिहिलेले असते. त्या पानांच्या माथ्यावर ‘असुधारित प्रत, प्रसिद्धीसाठी नाही’ अशी ओळ असते. तीच पाने अमरावतीत मात्र वेगळ्या रूपाने वाचली जात. ‘नुटा बुलेटिन’ या संघटनेच्या मुखपत्रात परिषदेतील प्रश्नोत्तरे आणि चर्चा छापल्या जात, आणि यवतमाळ किंवा खामगावच्या एखाद्या महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये मंत्र्याचे ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर पेन्सिलीने अधोरेखित होई. या विषयाच्या अभ्यासकाने ही पाने वाचताना भाषणापेक्षा कंसांकडे अधिक लक्ष द्यावे : जेथे ‘(अडथळा)’ असे छापले आहे तेथे कोणीतरी चिडले आहे, जेथे ‘(सभापतिस्थानी माननीय तालिका सभापती)’ असे आहे तेथे जेवणाची वेळ झाली आहे, आणि जेथे चार उपप्रश्नांनंतर मंत्री ‘आकडेवारी पटलावर ठेवण्यात येईल’ असे म्हणतात, तेथून पुढच्या अधिवेशनाच्या खंडात ती आकडेवारी शोधायला लागावे.